क्लेअरबाईंना कोणी विचारले?

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की डोळ्यांपुढे बाळंतपणाचा दवाखाना उभा राहतो. वर चार खोल्या, खाली औषधांचे दुकान, आणि जिन्यात डिंकाच्या लाडवांचा डबा सांभाळीत उभी असलेली एखादी आजी. माझी दोन्ही मुले अशाच नर्सिंग होममध्ये जन्मली. अमेरिकेत मात्र हाच शब्द आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला वापरतात. हातपाय चालेनासे झाले, आठवण राहीनाशी झाली, घरी करणारे कोणी उरले नाही, की म्हातारे माणूस तेथे नर्सिंग होममध्ये जाते आणि बहुधा तेथूनच पुढच्या प्रवासाला निघते. ते धड घर नव्हे आणि धड इस्पितळही नव्हे. या जगात येताना आपल्याला कोणी काही विचारीत नाही. त्याला इलाजच नसतो. पण जाताना तरी विचारावे की नाही? आणि उत्तर देण्याजोगी शुद्धच राहिली नसेल, तर विचारावयाचे कोणाला? न्यू जर्सी नावाच्या राज्यात एका म्हातारीच्या निमित्ताने या प्रश्नाचा जो खल झाला, त्याची हकीगत आज सांगावयाची आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण सारे घर एकत्र जमते ते याच चार दिवसांत, आणि हा विषय घरानेच बोलावयाचा आहे.

मी वकील नव्हे, डॉक्टरही नव्हे. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकविला आणि जुने कागद वाचण्याची खोड लावून घेतली, एवढेच. मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे मुक्कामाला असताना पावसाने घरात कोंडून घातले, तेव्हा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे १९८५ सालचे एक निकालपत्र वाचण्यात आले. सहज म्हणून हाती घेतले ते रात्री दोन वाजता खाली ठेवले. त्या खटल्यातला वादी एक भाचा होता, आणि मीही एक भाचाच आहे. तो भाग पुढे येईल.

क्लेअर कॉनरॉय या बाईंचे सारे चरित्र निकालपत्राच्या दोनचार ओळींत मावते. लग्न केले नाही. वयाच्या विशीच्या आतच सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागल्या आणि बासष्ट-त्रेसष्टाव्या वर्षी तेथूनच निवृत्त झाल्या. लहानपणापासून ज्या घरात राहिल्या ते घर म्हातारपणापर्यंत सोडले नाही. मैत्रिणी थोड्या. जीव होता तो तीन बहिणींवर, आणि त्या तिघीही एकामागून एक गेल्या. रक्ताच्या नात्याचा उरला तो एकटा भाचा. बाईंची शुद्ध हरपू लागण्यापूर्वीची चारपाच वर्षे तो आठवड्यातून एकदा त्यांना भेटावयास जात असे. १९७९ मध्ये त्यांना आपले व्यवहार कळत नाहीत असे न्यायालयाने ठरविले, भाच्याला कायदेशीर पालक नेमले आणि बाईंची रवानगी ब्लूमफील्ड गावातल्या एका नर्सिंग होममध्ये झाली.

१९८२ च्या जुलैत त्यांना ताप भरला, अंगातले पाणी कमी झाले, म्हणून इस्पितळात हलविले. तेथे पायाच्या जखमांना गँगरीन झाल्याचे दिसले. दोघा शस्त्रवैद्यांनी सांगितले की पाय कापला नाही तर बाई थोड्याच दिवसांच्या सोबती. भाच्याने सही दिली नाही. मावशी शुद्धीवर असती तर तिने हे कधीही करू दिले नसते, असे त्याचे म्हणणे. पाय कापला नाही आणि बाईही त्या गँगरीनने गेल्या नाहीत! वैद्यकाचे भाकीत चुकले म्हणून हसावयाचे नाही. पण पुढे जे झाले ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच महिन्यात बाईंना पुरेसे गिळता येईना, म्हणून डॉक्टरांनी नाकातून जठरापर्यंत एक नळी घातली. आपल्या इस्पितळांत हिला राइल्स ट्यूब म्हणतात. मधे ती काढून चमच्याने भरविण्याचा प्रयत्न झाला, पण पोटात पुरेसे जाईना. नळी पुन्हा आली. ती नळी नाकात तशीच ठेवून १९८२ च्या नोव्हेंबरात बाईंना पुन्हा नर्सिंग होममध्ये आणले.

नोव्हेंबर १९८२! हा महिना वाचून मी थबकलो. इतिहासाच्या मास्तराला सनावळीशेजारी सनावळी ठेवून पाहण्याची सवयच असते. याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या पवनारला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी अन्न, पाणी, औषध सारे घेणे थांबविले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. कोणी त्यांच्या नाकात नळी घातली नाही, कोणी त्यांचे हात धरले नाहीत. ज्यांना हे पटले नाही त्यांनीही हात जोडले. का? तर त्यांनी स्वतः, शुद्धीवर, आपल्या तोंडाने सांगितले होते म्हणून, आणि सांगणारे विनोबा होते म्हणून. क्लेअरबाईंना वाचाच उरली नव्हती, आणि त्या कोणीच नव्हत्या. माणसाच्या इच्छेला मान द्यावयाचा तो तो बोलू शकतो तोवरच काय? आणि तो मोठा असला तरच काय?

१९८३ च्या जानेवारीत, नळी काढण्याची परवानगी द्यावी म्हणून भाचा न्यायालयात गेला. बाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पाय पोटाशी दुमडलेले, अंगावर जखमा, मधुमेह, हृदयाचा विकार. बोलता येत नव्हते. पण त्या निव्वळ अचेतन नव्हत्या, आणि या खटल्याचा सगळा पेच येथेच होता. त्या डोके, हात थोडे हलवीत. कधी खाटेजवळून जाणाऱ्याकडे त्यांची नजर वळे. नळीला, मलमपट्टीला हात घालून त्या ती ओढीत. हलविले, भरविले की कण्हत. आणि कोणी केस विंचरले, अंग हलकेच चोळले, की हसत. त्यांना वेदना किती कळतात यावर डॉक्टरांना नक्की काही सांगता आले नाही.

साक्षी मोठ्या वाचनीय आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की नळी काढणे वैद्यकाच्या रीतीत बसत नाही. दुसरे डॉक्टर म्हणाले, बसते. एका कॅथलिक धर्मगुरूंनी, म्हणजे ज्यांच्याकडून विरोधाची अपेक्षा करावी त्यांनी, नळी काढण्यास धर्माची आडकाठी नाही असे सांगितले. नर्सिंग होमच्या व्यवस्थापिका स्वतः परिचारिका होत्या. नळी काढणे म्हणजे आयुष्य तोडणे, असे त्यांना वाटत होते. या बाईंचा मला राग येत नाही. जिला रोज उठून त्या म्हातारीला पुसावे लागते, कूस बदलून द्यावी लागते, तिला असे वाटणारच. भाच्याने मात्र आपले मत सांगितले नाही. मावशी कशी होती ते सांगितले. तिला डॉक्टरांचे भय. शुद्धीवर असेपर्यंत ती त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसावी. न्यूमोनिया झाला तरी डॉक्टरांना घरात आणता येत नसे. भाच्याची बायको परिचारिका, ती जमेल ते करी. एकदा तिने मावशीला इस्पितळात नेले, तर डोके ठिकाणावर नसतानाही बाई तेवढ्यापुरत्या खडबडून जाग्या झाल्या आणि दाखल होण्याच्या कागदावर सही करावयास त्यांनी साफ नकार दिला.

खालच्या न्यायालयाने २ फेब्रुवारी १९८३ ला परवानगी दिली. लगेच अपील झाले, निकालाला स्थगिती मिळाली, आणि १५ फेब्रुवारीला क्लेअरबाई गेल्या. नळी नाकातच होती.

बाई गेल्या तरी खटला मिटला नाही. अशा बाई आणखी पुष्कळ आहेत आणि हा प्रश्न पुन्हा येणार, असे म्हणून वरच्या न्यायालयांनी तो पुढे चालविला. अपील न्यायालय जुलैत म्हणाले की नळी काढली असती तर बाई आजाराने नव्हे, भुकेने आणि तहानेने मेल्या असत्या; ती हत्याच झाली असती. मग प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जानेवारी १९८५ ला निकाल लागला.

या न्यायालयाला असा प्रश्न नवा नव्हता. कॅरन अ‍ॅन क्विनलन ही एकवीस वर्षांची मुलगी १९७५ च्या एप्रिलमध्ये बेशुद्ध झाली ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. श्वासाचे यंत्र काढावे म्हणून तिच्या वडिलांनी दाद मागितली, आणि ३१ मार्च १९७६ ला याच न्यायालयाने ती मान्य केली. जगभर त्या निकालाचा गाजावाजा झाला. यंत्र काढले, तर कॅरन स्वतःच्या बळावर श्वास घेऊ लागली! मग तिला नर्सिंग होममध्ये नेले, आणि तेथे नळीवाटे अन्न घेत ती नऊ वर्षे राहिली. तिच्या आईवडिलांनी ती नळी काढा असे कधी म्हटले नाही. त्या खटल्यात एक बारीक गोष्ट घडली होती. यंत्रांवर जगविलेल्या माणसांविषयी बोलताना 'मला असे ठेवू नये' असे कॅरन आपल्या मैत्रिणींशी बोलली होती. तरुणपणी सहज बोललेल्या त्या गोष्टींना पुराव्याचे वजन नाही, असे म्हणून न्यायालयाने तेव्हा त्या बाजूला ठेवल्या होत्या.

क्लेअरबाईंच्या निकालात हेच न्यायालय लिहिते की तेव्हा आमची चूक झाली. ते बोलणे आम्ही विचारात घ्यावयास हवे होते. जुन्या काळच्या राजेरजवाड्यांची शेकडो पत्रे मी वाचली आहेत. आपण होऊन चूक कबूल केल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सापडली. ही कबुली दिली तेव्हा कॅरन त्याच राज्यातल्या नर्सिंग होममध्ये पडून होती. पाच महिन्यांनी, ११ जून १९८५ ला, ती गेली.

निकालाचा गाभा असा. नाकातली नळी आणि श्वासाचे यंत्र यांत फरक नाही, दोन्ही उपचारच. शुद्धीवर असलेल्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, आणि शुद्ध गेली म्हणून तो हक्क जात नाही. प्रश्न एवढाच, की त्याचे मन कळावे कसे. लिहून ठेवले असेल तर उत्तम. नसेल तर तो घरच्यांशी, मित्रांशी काय बोलला. दुसऱ्या कोणावर उपचार चालले असता ते पाहून काय म्हणाला. त्याचा धर्म काय. पूर्वीच्या दुखण्यांत तो कसा वागला, हे सारे पाहावे. मात्र ते बोलणे किती जुने, किती विचारपूर्वक, किती वेळा केलेले, हेही तोलावे. मन स्पष्ट कळले तर त्याप्रमाणे वागावे. अर्धवटच कळले, तर जगण्यातल्या सुखाहून त्याचा त्रास उघडउघड मोठा असला पाहिजे. काहीच कळले नाही, तर उपचार चालू ठेवणे हीच क्रूरता ठरावी इतक्या वेदना असल्या पाहिजेत. या कसोट्या लावल्यावर न्यायालय म्हणते की क्लेअरबाई जिवंत असत्या तर आमच्यासमोरचा पुरावा पुरला नसता. आणखी शोध घ्यावा लागला असता. डॉक्टरांचे भय वेगळे आणि ही नळी नको असणे वेगळे. भाच्यावर हा अन्याय झाला असे पहिल्या वाचनाला मला वाटले. दुसऱ्या वाचनाला तसे वाटले नाही.

आणि नर्सिंग होमसाठी न्यायालयाने वेगळी, अधिक कडक वाट आखली. संस्थांतल्या वृद्धांसाठी त्या राज्यात एक लोकपाल असे. त्याला कळवावयाचे, त्याने छळाच्या तक्रारीची करावी तशी चौकशी करावयाची, आणखी दोन डॉक्टरांची मते घ्यावयाची. मायेच्या माणसाला हे अपमानकारकच वाटेल. पण न्यायमूर्तींनी दिलेली कारणे खोटी नाहीत. इस्पितळातल्या रोग्याभोवती डॉक्टर असतात, नातलग असतात. नर्सिंग होममधली म्हातारी एकटी असते, डॉक्टर क्वचित येतात, आणि कोणाला ती जड झाली आहे हे बाहेर कळत नाही. नळी घालण्यातही तिला विचारीत नाहीत आणि काढण्यातही विचारणार नाहीत, ही भीती दोन्हीकडून खरी होती.

आता माझ्याकडे येतो. माझी मावशी पोस्टात होती. मूलबाळ नाही. काका १९९८ मध्ये गेले ते दीड महिना इस्पितळात, नाकात नळी आणि हात खाटेला बांधलेले. एका दुपारी बाहेरच्या बाकावर मोसंबे सोलता सोलता मावशी मला म्हणाली, "माझ्या वेळी हे करू नका रे." मी म्हणालो, "मावशी, काहीतरीच काय बोलतेस!" ती गप्प झाली आणि मोसंब्याची फोड तिने माझ्या हातावर ठेवली. पुढे ती आपण होऊन वृद्धाश्रमात राहावयास गेली. तेथला प्रवेशाचा कागद मीच भरला. त्यात पथ्याचा रकाना होता, एकादशीच्या उपासाचा होता, मृत्यूनंतर कोणास कळवावे आणि अंत्यसंस्कार कोण करणार याचाही होता. मधल्या दिवसांचा रकाना नव्हता. २०१४ मध्ये तिला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, गिळता येईना. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरांनी कागद पुढे केला. दाराशी चार नातलग उभे होते. "उपाशी का ठेवायचं तिला?" असे त्यांतले एक जण म्हणाले. मी सही केली. बाकावरचे तिचे बोलणे तेव्हा आठवले नाही असे म्हणणे सोयीचे होईल. आठवले होते. नळी ओढू नये म्हणून तिचा चालणारा हात पट्टीने बांधला. नळीसकट वृद्धाश्रमात परत आलेली ती सात आठवडे होती, आणि मी गेलो की त्या बांधलेल्या हाताकडे पाही. माझ्याकडे पाहत नसे.

'दुसऱ्यावर उपचार चालले असता ते पाहून काय म्हणाला' हे शब्द निकालपत्रात वाचले तेव्हा तो बाक, ते मोसंबे सारे समोर आले. न्यू जर्सीच्या न्यायमूर्तींनी माझी साक्ष घेतली असती. मला ती कोणी विचारली नाही, आणि मीही दिली नाही.

नर्सिंग होमनेच नकार दिला तर काय, हा पुढचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे १९८७ मध्ये आला. नॅन्सी जोब्स ही एकतीस वर्षांची स्त्री अशाच एका संस्थेत बेशुद्ध होती. नवऱ्याने नळी काढण्याची मागणी केली, तर आमच्या तत्त्वात हे बसत नाही, तिला दुसरीकडे न्या, असे संस्था म्हणाली. न्यायालयाने उत्तर दिले की हे तत्त्व दाखल करून घेतानाच सांगावयाचे होते. आता रोग्याचा हक्क डावलून तिला बाहेर काढता येणार नाही. मला हे उत्तर फार आवडले. संस्थेच्या श्रद्धेला नाही म्हटलेले नाही. फक्त ती दारावर लिहा, म्हटले आहे.

मग मिसुरीची नॅन्सी क्रूझन. अपघात १९८३ चा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९० चा. रोग्याच्या इच्छेचा स्पष्ट पुरावा मागण्याचा राज्याला अधिकार आहे, असे तेथे ठरले आणि आईबाप हरले. पण त्यानंतर पूर्वी नॅन्सीबरोबर काम केलेली माणसे पुढे आली. ती काय बोलली होती ते त्यांनी सांगितले, आणि जिल्ह्याच्या न्यायाधीशाने परवानगी दिली. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि १ डिसेंबर १९९१ पासून लागू झाला: सरकारी विमायोजनांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक इस्पितळाने आणि नर्सिंग होमने दाखल होणाऱ्याला त्याचे हक्क लेखी सांगावयाचे, आणि त्याने काही लिहून ठेवले आहे का ते कागदावर नोंदावयाचे. म्हणजे तो रकाना आला.

आपल्याकडे हा विषय निघाला की अरुणा शानबाग यांचे नाव आल्याशिवाय राहत नाही. १९७३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयात राहिली. तेथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळले. अंगावर एक जखम पडू दिली नाही, याची नोंद न्यायालयात झाली. क्लेअरबाईंच्या जखमा आठवल्या म्हणजे या सेवेची थोरवी कळते. एका लेखिकेने तिच्या वतीने दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला सांगितले की तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातल्या या माणसांचा, आणि त्यांना ती हवी आहे. तो निकाल मी तेव्हा डोळे पुसत वाचला होता. आता वाचताना एवढेच जाणवते की परिचारिकांचे मन पानोपानी दिसते, लेखिकेचे दिसते, आणि पंचवीस वर्षांच्या अरुणाचे कोठेच सापडत नाही. तिला कोणी विचारले नव्हते. त्या वयाच्या मुलीला कोण विचारतो?

९ मार्च २०१८ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी अशी अट होती, आणि या अटीपायी फारसे कोणी त्या वाटेला गेले नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती सैल झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरेसे झाले. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक माणसांची नावेही त्यात लिहिता येतात. मृत्युपत्रात आपण चमचे-वाट्यांची वाटणी करतो. हा कागद त्याच्या आधी लागणारा.

गेल्या भाऊबीजेला ताई आली होती. ओवाळणे झाले, जेवणे झाली, आणि मी हे सारे तिला सांगितले. ती ऐकत होती, मधेच म्हणाली, "मावशीला तेव्हा विचारायला हवं होतंस." मी म्हणालो, "हो." मग आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. मी भराभर लिहिले. तिने वेळ लावला, दोनदा खोडले. नळी नको हे लिहून झाल्यावर तिने विचारले, "ती तुझी क्लेअर केस विंचरल्यावर हसायची ना? मग माझेही रोज विंचरायचे म्हणून लिही." तेही लिहिले. नोटरीने ते वाक्य दोनदा वाचले, आमच्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.